किलोवरचा हिवाळा

लेखणी हाती धरण्याचा हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा, एवढी विनंती आधीच करून ठेवते. शाळेत मराठी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. पण शिकवणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले उलगडून दाखवणे, आणि तेवढे मला पुरेसे वाटत आले. मुलांच्या निबंधांच्या समासात ‘अनुभव स्वतःचा लिहावा’ असा शेरा लाल शाईने मी किती वेळा मारला असेल! निवृत्तीनंतर सांगण्यासारखे काही मनात साचले, तेव्हा तोच शेरा माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागला. त्यातून माझा विषयही लेखात शोभावा असा नाही. तो आहे रस्त्याकडेला वजनावर विकल्या जाणाऱ्या जुन्या कपड्यांच्या ढिगाचा. नोकरदार घरांतल्या बायका या ढिगाजवळून जाताना पावले जरा भरभर उचलतात. मीही उचलत असे.

परवा सकाळी भाजी घेऊन परतताना तो ढीग पुन्हा लागलेला दिसला. आमच्या धाराशिवात थंडी फारसा गाजावाजा न करता येते. बालाघाटाच्या पठारावरून सकाळचा वारा कोरडा होऊन उतरतो, ओठ फुटतात, हातगाड्यांवर पेरू आणि हरभऱ्याचे ढाळे दिसू लागतात, ‘हुरड्याला या’ असे निरोप खेड्यांतून येतात. आणि अशाच एखाद्या सकाळी बसस्थानकाच्या रस्त्याला, मोकळ्या जागेत, निळ्या ताडपत्रीवर कपड्यांचा डोंगर उभा राहिलेला असतो. कुठल्या कुठल्या शहरांतून, म्हणे समुद्रापलीकडूनही, गठ्ठ्यांत आवळून आलेले स्वेटर, कोट, कानटोप्या, शाली आणि तान्ह्या मुलांची झबली. नगाचा भाव कशालाच नाही, सगळे किलोवर. तीन बांबू एकत्र बांधून त्यांच्या मधोमध काटा टांगलेला. शेजारी लोखंडी खुर्चीवर एक पोक्त बाई बसलेली असते. गिऱ्हाइके तिला ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणतात. तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत सहज पोचतो.

“किलोवर हाय, किलोवर! सायबाचा कोट घ्या न्हायतर बाळाची टोपी घ्या, काटा एकच!”

मला पाहताच ती ओळखीचे हसली आणि भर रस्त्यात विचारती झाली, “आलाव का बाई? औंदा काय देऊ, कोरं का झिजलेलं?”

ढिगात हात घालून बसलेल्या बायांनी माना वर करून माझ्याकडे पाहिले. मी लाजले, पण ते लाजणे जुने नव्हते, त्यात हसू मिसळलेले होते. खालाच्या या थट्टेमागे एक अख्खा हिवाळा उभा आहे. तो उलटून आता काही वर्षे झाली, तरी थंडीची पहिली झुळूक अंगावर आली की छातीत काहीतरी घट्ट आवळते आणि लगेच सैल होते. त्या सैल होण्याचीच ही हकीकत.

आमच्याकडची एक रीत आधी सांगायला हवी. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड नवे लावत नाहीत. बाळ जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही घेऊन ठेवणे हे तर अगदीच वर्ज्य. ज्या घरी लेकरे धडधाकट वाढली, त्या घरातून जुने झबले, जुनी टोपी, मऊ पडलेले दुपटे मागून आणायचे. त्याला आम्ही जुनेर म्हणतो. मागणारीला त्यात कमीपणा नसतो आणि देणारीला तर मानच असतो, कारण तिच्या घरचे लेकरू निभावले, हे तिच्या दाराशी येऊन कुणीतरी कबूल केलेले असते.

माझी एकुलती लेक दीपाली येरमाळ्याला दिलेली. महामार्गाला लागून जावयांचे टायरचे दुकान आहे. लग्नानंतर दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा ते पुरे झाले नाहीत. दोन्ही वेळा मी मोठ्या हौसेने आप्तांच्या घरी जाऊन जुनेर मागून आणले होते, आणि दोन्ही वेळा ते परत नेऊन दिले. गाठोड्यांच्या गाठीसुद्धा सुटल्या नव्हत्या. परत घेताना माझी एक चुलत जाऊ मायेने म्हणाली, “राहू द्या की तुमच्याकडंच. लागतील पुढं.” तिच्या मनात काही वाकडे नव्हते. पण त्या ‘पुढं’चे ओझे मी रिक्षात मांडीवर घेऊन बसले आणि घरी येईपर्यंत ते उतरले नाही.

तिसऱ्या वेळी दीपाली थंडीच्या सुरुवातीलाच माहेरी आली. बॅग खाली ठेवण्याच्या आधी म्हणाली, “आई, या खेपेला कुणाला सांगू नकोस. आणि कुणाच्या दारात काही मागायला जाऊ नकोस.”

मी बरे म्हटले. नंतर डॉक्टरांनी तपासून सांगितले की बाळ वेळेआधी येण्याचा संभव आहे. थंडीचे दिवस आहेत, मऊ, उबदार कपडे धुऊन तयार ठेवा. माझी पंचाईत झाली. नवे घेता येत नव्हते, कारण रीत आड येत होती. जुने मागता येत नव्हते, कारण लेकीला शब्द दिला होता. पोट वाढत होते आणि कपाटातला बाळासाठी मोकळा केलेला कप्पा रिकामाच होता. रोज सकाळी मी तो उघडून पाही आणि बंद करी.

अशा वेळी मला तो ढीग आठवला. ढिगापुढे दार नसते. तो कुणाला ‘कुणासाठी?’ असे विचारत नाही. ‘मागच्या वेळचं काय झालं?’ असेही विचारत नाही.

पहिल्या दिवशी मी डोक्यावरून पदर घेऊन, तोंडाला रुमाल बांधून गेले. थंडी होतीच, कुणाला वावगे दिसले नसते. तरी व्हायचे ते झालेच. मोटारसायकल थांबवून एक मिशीवाला तरुण खाली उतरला. चेहरा शाळेतला, नाव आठवेना.

“नमस्कार बाई! तुमी हितं? गॅदरिंगच्या नाटकाला कपडे बघायलाव का?”

मी निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. तरीही मी निमूट मान हलवली. “मग राजाचा कोट बघा बरं का चांगला,” असा सल्ला देऊन तो गेला. मी मात्र त्यानंतर जरा निर्धास्त झाले. नाटकासाठी आलेल्या बाईला ढिगात हात घालायला काय हरकत होती?

वरचे कपडे उन्हाने कोमट झालेले असत आणि आत हात गेला की रात्रीची थंडी बोटांना लागे. डांबराच्या गोळ्यांचा वास, पावसात भिजून वाळलेल्या लोकरीचा वास, आणि मधूनच एखाद्या कॉलरमधून येणारा अनोळखी अत्तराचा पुसट वास. कुणीतरी हे घालून कुठेतरी गेले होते. लग्नाला, कचेरीला, कुणाला निरोप द्यायला. ढिगाला स्वतःचे असे नियमही होते. बाहीला ज्याचा हात आधी लागला, कोट त्याचा. पण एकाच वेळी दोन बायांचे हात दोन बाह्यांना लागले तर काय, याचा निवाडा नियमात नव्हता.

“सोड की गं! तुझ्या आंगात बसणार हाय का त्यो?”

“मला कुठं? माज्या म्हशीला घालते. लई गारठायली बिचारी.”

“मग आधी म्हशीला घेऊन यायचं व्हतं मापाला!”

खाला खुर्चीतून हसत असे, आणि तोंड रुमालात असल्यामुळे मलाही मोकळेपणी हसता येई. किती दिवसांनी मी हसत होते, ते तेव्हाच माझ्या ध्यानात आले.

लहान मुलांचे कपडे ढिगाच्या एका कडेला घसरून जमत. मी तिथे बसकण मारली. तळहाताएवढे मोजे, बदकांच्या आकाराची बटणे लावलेला स्वेटर, पायाचे तळवेही झाकले जातील असे लेंगे. आतल्या चिठ्ठ्यांवर मला न येणाऱ्या भाषांतली अक्षरे. निवडलेले सगळे काट्यावर ठेवले, तर काटा जेमतेम हलला.

“एवढंच व्हय?” खाला म्हणाली. “काट्याला बी कळंना की बाई.” मग ढिगातून एक पिवळी टोपी ओढून तिने वर टाकली. “ही माझ्याकडनं. लेकरू कुणाचं म्हणायचं?”

“ओळखीच्यांचं,” मी म्हटले.

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. “ओळखीच्याचं तर ओळखीच्याचं,” असे म्हणून गाठोडे बांधून माझ्या हाती दिले, आणि पुन्हा ओरडू लागली.

मिठाच्या पाण्यात भिजवून, कडुनिंबाचा पाला टाकून उकळून, पुन्हा साध्या पाण्यातून काढून ते कपडे मी गच्चीवर वाळत घातले. निळ्या आभाळाखाली तारेवर ती इवली झबली हलताना पाहून दीपाली तिथेच थांबली. मग खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी उन्हाला बसली आणि तुरीच्या शेंगा सोलू लागली. सोलता सोलता गुणगुणू लागली. ते गुणगुणणे स्वयंपाकघरात माझ्या कानावर आले, तेव्हा वाटले, आता काही नको.

त्याच आठवड्यात आक्का आल्या. आक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. लग्न होऊन सोनारीला गेल्या, वैधव्य आले तरी शेत सोडले नाही. पण थंडीत दमा उचल खातो म्हणून ज्वारी हुरड्यात येईपर्यंत आमच्याकडे राहायला येतात. बोलणे रोखठोक. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द गेला नाही. मी तर सून म्हणून या घरात आले तेव्हापासून त्यांना उलट उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. त्यात माझा सोशिकपणा कमी आणि भिडस्तपणाच जास्त होता.

गच्चीवर येऊन आक्कांनी तारेकडे पाहिले. बदकांच्या बटणांचा स्वेटर चिमटीत धरून उलटापालटा केला.

“ह्ये कुणाकडनं आणलं?”

मी सांगितले.

“किलोवर?” आक्का म्हणाल्या. “आगं शालन, एवढी शिकलीस न् असं कसं केलंस? जुनेर आणायचं ते घर बघून आणायचं असतंय. ह्ये कुणाच्या लेकराचं, ते लेकरू जगलं का न्हाय, कुणाला ठाव?”

दीपालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आक्का ते बोलून बसल्या आणि बोलता क्षणीच त्यांनाही ते कळले असावे, कारण त्या लगेच शेंगा सोलायला बसल्या. दीपाली मात्र उठली, पदरातले दाणे सुपात झटकून खाली निघून गेली. मी असल्या गोष्टी मानत नाही. मुलांना मी शाळेत तसेच शिकवले. पण त्या संध्याकाळी कपडे तारेवरून काढताना माझी बोटे अवघडली. प्रत्येक झबल्यातून एक प्रश्न माझ्याकडे पाहत होता आणि त्याचे उत्तर कुठल्याही घरी जाऊन विचारता येण्यासारखे नव्हते. मी गाठोडे बांधून माळ्यावर ठेवले. दीपालीने त्याच्याविषयी विचारले नाही. गुणगुणणेही थांबले.

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. बाळ लवकर आले. मुलगा झाला. रडला, पण मांजराच्या पिलासारखा. त्याचे वजन मला कळले तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की मी ढिगावरून आणलेल्या, काट्यालाही न कळणाऱ्या त्या गाठोड्यापेक्षा हे थोडेसेच जास्त आहे. इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवले. आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात सकाळच्या उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत बसू. ऊन भिंतीवर चढले की आम्ही उठून पुढच्या बाकावर जाऊ. येणारी प्रत्येक आई आपल्या बाळाचे आजचे वजन दुसरीला सांगे. तिथे त्याखेरीज बोलायला दुसरा विषय नव्हता. एखादीचे बाळ जरासे वाढले की बाकीच्या साऱ्या हायसे वाटून हसत, जणू आपलेच वाढले.

मग एका सकाळी परिचारिका दारात येऊन म्हणाली, “आज बाळाला आईजवळ द्यायचंय. टोपी, मोजे, स्वेटर आणा. नवं नको बरं का, कडक असतं. जुनं, धुतलेलं, मऊ आणा.”

जुने, धुतलेले, मऊ. रीत आणि वैद्यकशास्त्र इतक्या सहज एका वाक्यात येऊन बसलेले मी प्रथमच ऐकले. मी दीपालीकडे पाहिले. तिने माझा हात धरला.

“आई, त्या गाठोड्यातलं काही आणू नकोस.”

“बरं.”

“आत्या म्हणाली ते...”

“बरं म्हटलं ना. माझी जुनी साडी फाडून आणते.”

घरी आले. आक्का स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून पेज करीत होत्या. मी माळ्यावरून गाठोडे काढले. ते दारावर येणाऱ्या बोहारणीला देऊन टाकावे आणि घरातून एकदाचे जावे, असे मनात होते. देण्याआधी कपड्यांच्या घड्या घालाव्यात, म्हणून अंगणाच्या पायरीवर उन्हात बसले. शिक्षकी हाताला सवय. कागद असो की कापड, कोपऱ्याला कोपरा लावल्याशिवाय चैन पडत नाही. निळा लेंगा घेतला. पायांची जोडी जुळवताना दोन्ही गुडघ्यांवरून अंगठा फिरला, आणि थांबला.

गुडघ्यांवरचे कापड विरळ झाले होते. बाकी सारा लेंगा गडद निळा. दोन गुडघे तेवढे फिकट, जाळीदार. उन्हाकडे धरले तर आरपार दिसत होते. मी दुसरा लेंगा घेतला. त्याचेही तसेच, आणि पायाच्या अंगठ्याशी भोक. स्वेटर घेतला, कोपरांवर लोकरीच्या गोळ्या उठलेल्या, पुढे छातीवर काहीतरी सांडून कधीच न निघालेला डाग, वरच्या बटणावर दातांनी चावल्याच्या खुणा. निवडताना हे सारे मी पाहिले होते आणि ‘जरा जुनाट आहे, पण चालेल’ म्हणून मनातल्या मनात सोडून दिले होते.

मी उठले. शेगडीजवळ गेले. आक्कांच्या मांडीवर ते कपडे ठेवले, सर्वांत वर तो निळा लेंगा. या घरात आल्यापासून प्रथमच मी त्यांना काही करायला सांगत होते.

“आक्का, गुडघे बघा.”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग चष्मा पुसला, लेंगा खिडकीच्या उजेडात धरला, आणि एका गुडघ्यावरून, मग दुसऱ्यावरून, आपले खरखरीत बोट अगदी सावकाश फिरवले. पेज उतू जाऊन शेगडी विझली, तरी दोघींपैकी कुणी हलले नाही.

“रांगलंय की गं लेकरू,” आक्का म्हणाल्या.

मी दुसऱ्या लेंग्याच्या अंगठ्याशी पडलेले भोक आणि स्वेटरचे चावलेले बटण दाखवले.

“आन् चाललंय बी! भिताडाला धरून हुबं राहिलंय, टाचा वर करून.” आक्कांचा आवाज चढत गेला. “आगं, दात आल्यालं दिसायलेत बटणावर! कसलं गुलाम लेकरू असंल ह्ये. आईला जीव नको केला असंल त्यानं!”

इस्पितळ म्हटले की आक्कांच्या अंगावर काटा येतो; बाळाला पाहायलाही त्या तोवर आल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी पदर खोचला, गाठोडे स्वतःच्या काखेत मारले आणि रिक्षात माझ्या आधी चढून बसल्या. दीपालीच्या खाटेवर त्यांनी एकेक कपडा पसरला. “हे बघ पोरी,” त्या म्हणाल्या, “मी बोलले ते बोलले. मला ठाव नव्हतं. आता बघ, ह्ये लेकरू रांगत कुठंकुठं गेलंय ते.” दीपालीने लेंग्याच्या अंगठ्याशी पडलेल्या भोकातून आपले बोट बाहेर काढले आणि हलवले. मग ती हसली, आणि हसतानाच तिचा चेहरा ओला झाला. परिचारिका येऊन म्हणाली, “अहो, किती पसारा! बाळाला काय काय घालणार आहात?” त्यावर आक्का म्हणाल्या, “समदं!”

ती पिवळी टोपी त्याच्या डोक्यावर नाकापर्यंत आली. स्वेटरच्या बाह्यांतून हात सापडेनात. तरी तो त्यात निजला, आणि कुण्या अनोळखी मुलाच्या उबेत त्याचा श्वास एकसारखा चालताना आम्ही तिघी पाहत राहिलो.

सुटकेलाही स्वतःची अशी एक भूक असते. बाळ घरी आल्यावर आक्का आणि मी पुन्हा ढिगावर गेलो. या वेळी रुमाल न बांधता. आक्कांनी पदर आवळून ढिगाचा ताबाच घेतला. कपडा उचलायचा, गुडघे आणि कोपरे उजेडाकडे धरायचे, विरलेले असेल तर मांडीवर, कोरे असेल तर परत ढिगात. खाला आधी गप्प बसून पाहत होती. मग तिच्याने राहवेना.

“काय चाललंय म्हणायचं तुमचं? लोकं कोरंकोरं हुडकायलेत, अन् तुमी झिजलेलं हुडकायलाव?”

“आमाला रांगल्यालंच पायजे,” आक्का म्हणाल्या.

“मग भाव बी रांगता लावते,” खाला म्हणाली, आणि कारण ऐकल्यावर हसायची थांबून तिने स्वतःच आम्हांला दोन विरलेले लेंगे शोधून दिले.

त्या दिवशी ढिगात माझ्या हाताला एक लहानसा गुलाबी झगा लागला. अगदी कोरा. आतली चिठ्ठीसुद्धा दुमडली नव्हती, गळ्याचे बटण कधी लावले गेले नव्हते. बाकी बायांनी तो आनंदाने घेतला असता. मी तो हातात धरून बसून राहिले. कदाचित त्याच्यामागे काहीच नसेल. माप चुकले असेल, रंग आवडला नसेल, भेटी जास्त आल्या असतील. पण आमच्या घरातूनही दोनदा न उलगडलेल्या घड्या तशाच परत गेल्या होत्या. कुठल्या तरी गावी कुण्या बाईने हा झगा कपाटातून काढला असेल आणि बंद कप्प्यासमोर ती माझ्यासारखीच उभी राहिली असेल, हा विचार मला आवरता आला नाही. आक्कांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिले. मी त्या झग्याची नीट घडी घातली, आणि तो ढिगावर टाकला नाही, ठेवला.

बारशाला आक्कांनी वरवंट्याला टोपी चढवून पाळण्यात आधी निजवले, तेव्हा ती पिवळीच टोपी निवडली. सगळ्या सवाष्णींना त्या गुडघे दाखवत फिरल्या. नाव ठेवायचे ते ठेवले, पण आक्का त्याला ‘किलोबा’च म्हणतात. पुढे येरमाळ्याच्या येडाईच्या दर्शनाला त्याला प्रथम नेले, तेव्हा पायऱ्यांवर आक्कांच्या कडेवरून त्याने खाली उतरायचा हट्ट धरला आणि दगडी फरशीवर चारी पायांवर धूम ठोकली. “गुडघे फुटतील त्याचे,” मी म्हटले. “फुटू दे की,” आक्का म्हणाल्या. “त्यापायीच आलाय त्यो.”

आता किलोबा बालवाडीत जातो. थंडीत आजोळी आला की अंगणातल्या फरशीवर गाडी चालवतो; गाडी म्हणजे डब्याचे झाकण आणि चालक गुडघ्यांवर. त्याचे लहान झालेले कपडे दीपालीने या खेपेला सोबत आणले आहेत. काही तेच ढिगावरचे, दोन लेकरांनी वापरून मऊसूत झालेले. काही त्याच्यासाठी पुढे घेतलेले. परवा खालाला हे बोलले, तर ती म्हणाली, “द्या की माझ्याकडं. ढिगातनं आलं, ढिगात जाईल. कुणाच्या तरी अंगाला लागंल.” मला ते पटले. कोणत्याही ओळखीच्या दारात न जाता, रुमाल बांधून कुणी बाई त्या कडेला बसकण मारील. तिला हे मिळावेत.

म्हणून मी सकाळपासून पायरीवर उन्हात बसले आहे. कपडे धुतलेले आहेत, निंबाच्या पाण्यातून काढलेले आहेत, घड्या घातलेल्या आहेत. राहिले आहेत ते फक्त गुडघे. दीपाली म्हणते, “आई, रफू करून दे. फाटकं देणं बरं दिसत नाही.” तिचे म्हणणे सभ्यपणाला धरून आहे; आयुष्यभर मीही तेच मानत आले. आक्का ओट्यावरून ओरडून सांगतात, “शालन, गुडघ्यांना हात लावू नको! न्हायतर तिला कळायचं कसं?” ती बाई गुडघ्यांकडे पाहील का, पाहिले तरी तिला ते वाचता येतील का, की फाटके म्हणून ती ते बाजूला सारील, मला ठाऊक नाही. सुईत दोरा ओवलेला आहे, निळा लेंगा मांडीवर आहे, आणि किलोबा अंगणभर गुडघ्यांवर फिरतो आहे.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर हे गुडघे शिवून दिले असते, की तसेच ठेवले असते?